सिस्टरने सुई हातात दिली नाही तेव्हा : स्वतःतला गर्व ओळखण्याविषयी

सोलापुरातल्याच एका तरुण शल्यचिकित्सकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एम. एस. होऊन त्यांना ७ वर्षे झाली, दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःचे १५ खाटांचे रुग्णालय सुरू केले आणि काम चांगले चालले आहे. मात्र गेल्या वर्षभरात एक ज्येष्ठ सिस्टर आणि एक जुना कंपाउंडर कसलेही भांडण न करता काम सोडून गेले, आणि मागच्या महिन्यात पत्नी म्हणाली, "तुला काही सांगावं तर तुझा निकाल आधीच लागलेला असतो." स्वतःला तपासून पाहिले तर त्यांना आपल्यात गर्व सापडत नाही, आत्मविश्वास तेवढा दिसतो. मग आपला गर्व आपण ओळखायचा कसा, त्यापासून जपायचे कसे, आणि नम्र होण्याच्या नादात शस्त्रक्रियेच्या टेबलावर लागणारी खात्रीच गेली तर काय, असे त्यांनी विचारले आहे.

डॉक्टर, तुम्ही स्वतःला तपासले आणि काही सापडले नाही, यात मला नवल वाटत नाही. राग आला की माणसाला कळते, भीती वाटली की छाती धडधडते. गर्वाला मात्र स्वतःची अशी वेगळी चव नसते. आतून तो 'मला माहीत आहे' या साध्या, स्वच्छ खात्रीसारखाच जाणवतो, आणि खरी खात्रीही तशीच जाणवत असल्यामुळे दोहोंतला फरक मनात डोकावून कळत नाही. ३१ वर्षे या शहरात पोटाच्या शस्त्रक्रिया केल्यावर माझे मत असे झाले आहे की गर्व आत शोधू नये, तो आपल्या आजूबाजूच्या माणसांच्या वागण्यात शोधावा. तुमच्या बाबतीत तो शोध तुमच्या पत्नीने निम्मा करून दिला आहे.

मला तो कसा सापडला ते आधी सांगतो. तेव्हा मला प्रॅक्टिस सुरू करून बारा-तेरा वर्षे झाली होती. लहान आतड्याच्या सुरुवातीचा व्रण फुटलेला एक रुग्ण मध्यरात्री आला. पोट उघडले, आतली घाण धुऊन काढली, छिद्र शिवले, त्यावर ओमेंटमचा, म्हणजे आतड्यांवरच्या चरबीच्या पदराचा, पडदा बसवला. दीड तासात काम झाले आणि चांगले झाले, हे मला ठाऊक होते. पोट बंद करण्यासाठी मी हात पुढे केला, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "सर, एक मॉप कमी आहे." मॉप म्हणजे पोटातले रक्त टिपायचे कापड. मी म्हणालो, "मोजण्यात चूक झाली असेल, परत मोजा." त्यांनी परत मोजले. "सर, एक कमीच आहे." मी म्हणालो, "मी आत सगळीकडे पाहिलंय, द्या सुई." आणि त्यांनी सुई दिली नाही. सुई धरलेला होल्डर त्यांच्या हातात होता, माझा हात पसरलेला होता, आणि पाच-सहा सेकंद तो तसाच रिकामा राहिला. त्या काही बोलल्या नाहीत. मी चिडून पुन्हा आत हात घातला, आणि यकृताच्या वर, डायफ्रामच्या, म्हणजे श्वासपटलाच्या, खाली, पित्ताने आणि रक्ताने भिजून आजूबाजूच्या अवयवांच्याच रंगाचा झालेला मॉप माझ्या बोटांना लागला. मॉपची नाडी जखमेबाहेर ठेवून तिला चिमटा लावायचा असतो. त्या मॉपचा चिमटा लावायचा राहिला होता, आणि तो लावणे माझे काम होते.

आता खरा मुद्दा. मॉप ट्रेमध्ये टाकताना माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते भूलतज्ज्ञांना उद्देशून होते : "इतका भिजला होता की कोणालाच दिसला नसता." सिस्टरचे आभार मी मानले नाहीत. त्या रात्रीही नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. तीन आठवड्यांनी, बायकोला ही गोष्ट सांगत असताना तिने "मग तू त्यांना काय म्हणालास?" असे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मी सिस्टरशी बोललो. त्या म्हणाल्या, "सर, त्या रात्री माझे पाय कापत होते." गेली आठ वर्षे माझ्यासोबत उभ्या राहणाऱ्या बाईचे पाय, एक आकडा बरोबर सांगताना कापत होते. माझ्या ऑपरेशन थिएटरमध्ये शांतता असते, माझी टीम शिस्तीची आहे, असे मी तोवर चार लोकांत कौतुकाने सांगत असे. ती शांतता कशाची होती ते मला त्या दिवशी समजले.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातील टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. कारणे अनेक होती : धुके, गर्दी, एकमेकांवर चढलेले रेडिओ संदेश. पण ध्वनिमुद्रणात एक संवाद आहे. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली की समोरचे विमान अजून धावपट्टीवरच असावे, आणि त्याने तसे विचारले. कॅप्टन त्या कंपनीतला अतिशय ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारा माणूस होता. त्याने ठामपणे सांगितले की धावपट्टी मोकळी आहे. इंजिनिअरने पुन्हा विचारले नाही. त्या कॅप्टनला त्या क्षणी आपण गर्व करतो आहोत असे वाटले असेल, असे मी मानत नाही. त्याला फक्त खात्री होती. ते ध्वनिमुद्रण वाचताना मला प्रत्येक वेळी माझा तो रिकामा हात आठवतो. फरक एवढाच की माझ्या शेजारी दुसऱ्यांदाही 'नाही' म्हणणारी बाई उभी होती.

तेव्हा पहिली खूण ही : चूक दाखवली गेल्यावर तुमच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य कोणते असते, ते पाहा. दुसरे-तिसरे वाक्य सभ्यपणाचे असते, ते आपण जुळवून घेतो. पहिल्या वाक्यात जर कारण असेल, समजावणी असेल, 'हो, पण' असेल, तर तिथे थांबून विचार करावा. दुसरी खूण, गेल्या महिन्याभरात तुम्हाला कोणी अडवले का? एकदाही नसेल, तर तुम्ही महिनाभर एकही चूक केली नाही असा त्याचा अर्थ नसतो, लोकांनी सांगणे सोडले आहे असा असतो. न भांडता निघून गेलेल्या दोन माणसांकडे मी याच दृष्टीने पाहीन. जो भांडतो त्याला अजून तुमच्याकडून आशा असते.

आणखी एक खूण मला आपल्या भाषेने शिकवली. रुग्ण बरा झाला की आपण म्हणतो, "पेशंट मी ओढून काढला." बिघडला की म्हणतो, "इन्फेक्शन झालं", "टाका उसवला", "पेशंट दगावला". यशाच्या वाक्यात कर्ता मी, आणि अपयशाच्या वाक्यात कर्ताच नाही. जणू टाका आपला आपणच उसवला. आठवडाभर स्वतःचे बोलणे नुसते ऐका. मी ते ऐकले तेव्हा मला फार लाज वाटली, कारण हे मी विद्यार्थ्यांपुढे, वर्षानुवर्षे, त्याच चालीत बोलत आलो होतो आणि तेही आता तसेच बोलत होते.

दुसऱ्या डॉक्टरकडे बिघडलेली केस तुमच्याकडे येते तेव्हा नातेवाइकांसमोर तुम्ही "हे कोणी केलं?" असे विचारता का, आणि विचारताना आत कुठेतरी बरे वाटते का? तुमचा रुग्ण दुसऱ्या मतासाठी पुण्याला किंवा हैदराबादला गेला, तर त्याची फाइल देताना तुमचा हात जड होतो का? या दोन प्रश्नांची उत्तरे मला विचारायची नाहीत, ती तुमची तुम्हालाच ठेवा. पण ती खरी असू द्या.

गर्व वाईट कामावर बसत नाही, चांगल्या कामावर बसतो, आणि म्हणूनच तो हलवणे अवघड जाते. ही गोष्ट सोलापूरकराला दुसरीकडून शिकायला नको. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावात, तेव्हाच्या सोन्नलगीत, तलाव खोदवला, भोवती ६८ लिंगे स्थापली, लोकांसाठी आयुष्य वेचले. परंपरेत अशी कथा सांगतात की शरण संत अल्लमप्रभू इथे आले आणि काम चालू होते तिथे जाऊन त्यांनी सिद्धरामांना दगडमाती वाहणारा म्हणून हाक मारली. कामावरची माणसे खवळली, त्यांनी दगड मारले. खुद्द सिद्धरामही संतापून धावून आले, इतके की त्यांच्या कोपाचा अग्नी पेटला, आणि तो अल्लमप्रभूंपाशी येऊन निवला. मग सिद्धरामांना कळले की काय दुखावले गेले होते, आणि ते अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणला, गेले. लहानपणी मी ही चमत्काराची गोष्ट म्हणून ऐकली होती. आता मला तिच्यातले फार बारीक निदान दिसते. तलाव खरा होता, सेवा खरी होती, तहानलेली माणसे खरोखर पाणी पीत होती. आणि ज्या हाकेचा राग आला ती हाकही खोटी नव्हती, कारण तलाव खोदायचा म्हणजे दगडमाती वाहायचीच असते, आणि ते कष्टाचे, मानाचे काम आहे. राग आला तो 'मला असे म्हटले' याचा. आपल्या पेशात तर रोज कोणी ना कोणी पाया पडून "डॉक्टर, तुम्ही देव आहात" म्हणते. त्यानंतर बँकेतल्या कारकुनाने डॉक्टर न म्हणता नुसते आडनाव पुकारले की कान गरम होतात. त्या गरम कानांकडे लक्ष द्यावे.

पत्नीच्या वाक्याबद्दल थोडे. १९७९ मध्ये मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी ३७ जोडप्यांना वेगवेगळे बसवून, घरातल्या कामांतला तुमचा वाटा किती, असे विचारले. बहुतेक जोडप्यांत दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. त्यात लबाडी असतेच असे नाही. आपण केलेले आपल्याला आठवते, दुसऱ्याने केलेले आपल्या डोळ्यांसमोर घडलेलेच नसते. तुमचे रुग्णालय उभे राहत असताना कर्जाच्या कागदांवर दुसरी सही कोणाची होती, मुलांच्या शाळेत पालकसभेला कोण गेले, रात्री दोनच्या फोनने आणखी कोण जागे झाले, हे एकदा लिहून काढा. माझ्या यादीत मी पहिल्या बैठकीत चार गोष्टी लिहिल्या होत्या. बायकोने ती वाचली आणि काही न बोलता पेन मागितले.

आता तुमच्या भीतीविषयी. नम्रतेमुळे टेबलावरची खात्री जाईल, ही भीती मलाही होती. रक्तवाहिनी तुटून पोट रक्ताने भरत असते तेव्हा तिथे सभा भरवायची नसते. एकाने सांगायचे आणि बाकीच्यांनी करायचे असते. ते तसेच राहू द्या. मात्र एक भेद कायम लक्षात ठेवा. आत्मविश्वासाचा विषय समोरचे काम असतो, म्हणून त्याला तपासणीचा राग येत नाही. ज्याला आपली गाठ पक्की बसली आहे असे माहीत असते, तो "ओढून बघ" म्हणतो. गर्वाचा विषय आपण स्वतः असतो, म्हणून गाठ ओढून पाहणारा माणूस त्याला आपल्याच कॉलरला हात घालतो आहे असे वाटते. या गावात चादर विणणारा एक आणि तपासणारा दुसरा, ही पद्धत माझ्या जन्मापूर्वीपासून आहे, आणि चादर तपासायला घेतली म्हणून विणकराचा अपमान झाला असे कोणी मानत नाही.

जपायचे कसे, तर नम्र विचार करून नव्हे. मी काही महिने तसा प्रयत्न केला आणि आपण किती नम्र झालो आहोत हे लोकांच्या लक्षात येते आहे की नाही, इकडेच माझे लक्ष लागले. उपयोग झाला तो व्यवस्थेचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक पानाची तपासणी यादी दिली. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत, त्यांत दिल्लीचेही एक होते, ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि मोठ्या गुंतागुंतींचे ११ वरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या यादीत छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे असते. आपल्याकडे हाच भाग सर्वांत आधी गाळला जातो, कारण रोजच्याच माणसांत नाव काय सांगायचे, असे वाटते. तो गाळू नका. एकदा स्वतःचे नाव मोठ्याने बोललेला माणूस पुढे शंका आली तरी बोलतो. ज्याने सकाळपासून तोंडच उघडलेले नाही, त्याला पहिले वाक्य 'सर, तुमचं चुकतंय' असे उच्चारता येत नाही. मी त्यात एक वाक्य जोडले आहे आणि दर वेळी तेच म्हणतो : "माझं काही चुकतंय असं वाटलं तर मला थांबवा, नंतर सांगू नका."

हे वाक्य म्हणणे सोपे आहे. त्याची खरी परीक्षा, तुम्हाला थांबवणारा माणूस चुकीचा ठरतो त्या दिवशी होते. मागे एका नव्या मुलीने मला थांबवले, मोजणी पुन्हा झाली, मॉप पूर्ण होते, आणि रुग्ण सात-आठ मिनिटे जास्त भुलेखाली राहिला. माझ्या जिभेवर जे आले होते ते मी गिळले आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "बरं केलंस." त्या दिवशी तिला बोल लागला असता, तर पुढे ती बरोबर असतानाही गप्प बसली असती, आणि तिच्याबरोबर खोलीतले बाकीचे चौघेही.

दुसरी गोष्ट वहीची. बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ ते १९१६ या काळात आपल्या छोट्या रुग्णालयातून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांची नोंद ठेवली, तीत १२३ चुका लिहिल्या आणि ते सारे छापून टाकले. समकालीनांना ते रुचले नाही. मी छापत नाही, पण लिहितो. त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, आणि 'मी' हा कर्ता ठेवून : 'टाका उसवला' असे न लिहिता 'मी घाईत टाके लांब लांब घातले.' कारण माहीत नसेल तर माहीत नाही असे लिहायचे. इथे एक सावधगिरी हवी. दर चुकीत 'सगळे माझ्यामुळेच झाले' असे लिहिणे हाही गर्वच आहे, कारण त्यातही खोलीत दुसरे कोणी नव्हतेच असे आपण धरून चालतो. जेवढे आपले तेवढेच लिहावे.

वर्षातून काही दिवस असे काढा की जिथे तुम्ही शिकाऊ असाल. दुर्बिणीची शस्त्रक्रिया मी वयाच्या ४६ व्या वर्षी, माझ्याहून १४ वर्षांनी लहान असलेल्या सर्जनकडे शिकलो. पहिले तीन महिने मी फक्त कॅमेरा धरला, आणि "सर, कॅमेरा सरळ" हे दिवसातून वीस वेळा ऐकले. त्या तीन महिन्यांत मला माझे रेसिडेंट, म्हणजे हाताखाली शिकणारे डॉक्टर, किती दमतात हे कळले. आषाढीला पंढरपूर आपल्यापासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. पंढरपूरजवळच्या वाखरीच्या पालखीतळावर मी दर वर्षी दोन दिवस वारकऱ्यांच्या पायांचे फोड बांधायला बसतो. पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या बाबांच्या टाचेला पट्टी बांधून झाली आणि ते माझ्या पाया पडले. दवाखान्यातल्या सवयीने मी "असू द्या, असू द्या" म्हणत बसूनच राहिलो. ते वाकलेले उठले, आणि हात जोडून तसेच थांबले. वारीत एक माऊली वाकली की दुसरीने वाकायचे असते, हे मला माहीत होते; माझ्या अंगवळणी पडलेले नव्हते. इतक्या वर्षांत लोकांचे नमस्कार घेऊन घेऊन माझी पाठ ताठ झाली होती. मी उठून वाकलो, तेव्हा ते पुढे चालू लागले.

एवढे करूनही घरात, कामात, मित्रांत सगळीकडे नातीच तुटत असतील आणि टीका झाली की दिवसच्या दिवस राग जात नसेल, तर ते मनोविकारतज्ज्ञांचे काम आहे. त्यांच्याकडे जावे, संकोच करू नये. तुमच्या पत्रावरून मला तसे वाटत नाही. ज्याने स्वतः होऊन हे विचारले त्याचे दार अजून उघडे आहे.

एक काम या आठवड्यातच करा. सोडून गेलेल्या सिस्टरना भेटा. त्यांना दवाखान्यात बोलावू नका, त्यांच्या घरी जा, आणि फोन करून त्यांना सोयीची वेळ विचारून जा. परत या असे त्या भेटीत म्हणू नका, कारण मग त्या खरे बोलणार नाहीत. "तुम्हाला माझ्याकडे काय बोलता आलं नाही?" एवढेच विचारा, आणि त्यांचे बोलणे पूर्ण होईपर्यंत कारण देऊ नका, अगदी तुमचे कारण बरोबर असले तरीही. घरी आल्यावर त्यांचे शब्द, दुरुस्त न करता, वहीच्या पहिल्या पानावर लिहा.